घरात टीव्ही नसला तर नेमकं काय होतं? कॅनडातल्या एका गावापासून सांगलीच्या भोंग्यापर्यंत

"आमच्याकडे टीव्हीच नाही," असं कुणी सांगितलं की समोरच्याची प्रतिक्रिया ठरलेली असते. काही जणांना कौतुक वाटतं. बाकीचे विचारतात, "मग संध्याकाळी करता काय तुम्ही?"

थोडं मागं गेलं तर हे वाक्य सांगावं लागायचंच नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या फक्त ४७.२ टक्के घरांत टीव्ही होता. त्याआधी दहा वर्षं, म्हणजे २००१ मध्ये, हा आकडा ३१.६ टक्के होता. म्हणजे अगदी परवापरवापर्यंत भारतातल्या निम्म्याहून जास्त घरांत टीव्ही नव्हताच. पुढे चित्र झपाट्यानं बदललं. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या 'बार्क' या संस्थेनं २०२० मध्ये देशात २१ कोटी टीव्ही असलेली घरं असल्याचा अंदाज दिला.

पण घरात टीव्ही नसणं आणि टीव्ही न बघणं या गोष्टी आपल्याकडे कधीच एक नव्हत्या. दिल्लीत टीव्ही सुरू झाला १५ सप्टेंबर १९५९ ला. मुंबईत तो आला २ ऑक्टोबर १९७२ ला आणि त्यानंतरच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपण केंद्रामुळे पुण्यात पोचला. त्या काळात अख्ख्या चाळीत एखाद-दुसऱ्या बिऱ्हाडात टीव्ही असायचा. 'छायागीत' किंवा रविवारचा सिनेमा लागला की त्या खोलीत मुलं पुढे जमिनीवर, मोठी माणसं मागे आणि उरलेले दारात, खिडकीत. ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता तेही आठवड्यातून दोनदा हक्कानं बघायचे. हे लक्षात ठेवायला हवं, कारण टीव्ही नसलेल्या घराबद्दल आज जे काही बोललं जातं त्यात ही गोष्ट हमखास विसरली जाते.

मग टीव्ही खरोखरच नसेल, शेजारीही नसेल, तर काय होतं? याचा अभ्यास करणं वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. टीव्ही न घेणारी कुटुंबं मुळातच वेगळी असतात. कुणी शिक्षणाबाबत जास्त जागरूक, कुणी धार्मिक, कुणाकडे पैसे नाहीत. अशा घरातली मुलं जास्त वाचत असतील तर ते टीव्ही नसल्यामुळे की आईवडील वाचणारे असल्यामुळे, हे सांगता येत नाही.

यासाठी एक असं गाव हवं जिथे लोकांना टीव्ही हवा होता, पण तो पोचतच नव्हता.

'नोटेल' नावाचं गाव

असं गाव सापडलं कॅनडात. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं हे गाव डोंगरांमधल्या दरीत वसलेलं. रस्ता होता, बस होती, शाळा होती. आसपासच्या गावांसारखंच ते एक साधं गाव होतं. फक्त दरीमुळे टीव्हीचा सिग्नल तिथे धड मिळत नव्हता. १९७३ मध्ये तिथे टीव्ही येणार असल्याचं कळलं आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ टॅनिस मॅकबेथ विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाईघाईनं तिथे धाव घेतली. टीव्ही यायच्या आत सगळी मोजमापं करून घ्यायची होती. एकदा टीव्ही आला की ती संधी परत मिळणार नव्हती.

गावाचं खरं नाव अभ्यासात लपवलं गेलं. त्याला नाव दिलं 'नोटेल', म्हणजे टीव्ही नसलेलं. तुलनेसाठी तशीच आणखी दोन गावं निवडली. एक 'युनिटेल', जिथे काही वर्षांपासून कॅनडाची एकच सरकारी वाहिनी दिसत होती. दुसरं 'मल्टिटेल', जिथे त्या वाहिनीसोबत अमेरिकेच्या मोठ्या वाहिन्याही दिसत होत्या. तिन्ही गावांत १९७३ मध्ये चाचण्या झाल्या आणि दोन वर्षांनी पुन्हा झाल्या. या सगळ्याचं पुस्तक १९८६ मध्ये आलं.

टीव्ही येण्याआधी नोटेलची लहान मुलं इतर दोन गावांतल्या मुलांपेक्षा सफाईनं वाचत होती. "या वस्तूचा आणखी कशाकशासाठी उपयोग होईल?" अशा प्रश्नांवर त्यांना जास्त कल्पना सुचत होत्या. दोन वर्षांनी ही आघाडी संपली होती. नोटेलची मुलं बाकीच्यांच्या रांगेत येऊन बसली. गंमत म्हणजे, ज्या मोठ्या मुलांचं वाचन आधीच पक्कं झालं होतं त्यांच्यात असा फरक दिसला नाही. ज्या वयात वाचन शिकलं जातं, त्या वयातला वेळ टीव्हीनं खाल्ला होता. वाचायला शिकण्यासाठी सराव लागतो आणि सराव कंटाळवाणा असतो. हाताशी टीव्ही असेल तर मूल सराव कशाला करेल?

शाळेच्या मैदानावरची भांडणंही मोजली गेली. नोटेलमध्ये दोन वर्षांत मुलांची मारामारी आणि शिवीगाळ दोन्ही वाढले, मुलग्यांमध्ये आणि मुलींमध्येही. बाकीच्या दोन गावांत तशी वाढ दिसली नाही.

पण या अभ्यासातला सगळ्यात महत्त्वाचा भाग बहुतेक वेळा सांगितलाच जात नाही. तो मोठ्या माणसांबद्दलचा आहे. टीव्ही नसताना नोटेलचे लोक खेळ, नाच, सभा, क्लब अशा गावच्या कार्यक्रमांत इतर दोन गावांपेक्षा जास्त दिसायचे. तरुण आणि म्हातारे एकाच कार्यक्रमाला असायचे. टीव्ही आल्यावर ही हजेरी घटली. मोठ्यांना एक अवघड कोडं सोडवायला दिलं होतं. टीव्हीआधीचे नोटेलकर त्यावर जास्त वेळ चिकाटीनं बसले होते. नंतर तसं राहिलं नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हा एका छोट्या गावाचा अभ्यास आहे. त्यावरून "टीव्ही काढला की मूल हुशार होतं" असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणं म्हणजे अभ्यासाची थट्टा आहे. नोटेलमध्ये एका घरात टीव्ही नव्हता असं नाही, अख्ख्या गावात नव्हता. मैदानावर खेळायला दुसरी मुलं होती, कारण तीही टीव्हीसमोर नव्हती. आज एखाद्या सोसायटीत एकाच घरानं टीव्ही काढला तर त्या घरचं मूल संध्याकाळी खाली जातं आणि तिथे खेळायला कुणीच नसतं.

सगळीकडे तसंच झालं का?

नाही. अटलांटिक महासागरात सेंट हेलेना नावाचं बेट आहे. नेपोलियनला कैदेत ठेवलं होतं तेच हे. तिथे नियमित टीव्ही आला १९९५ मध्ये. ब्रिटिश संशोधक टोनी चार्लटन यांच्या गटानं शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावून मुलांचं वागणं आधी आणि नंतरची काही वर्षं टिपलं. नोटेलसारखं काहीतरी दिसेल अशी अपेक्षा होती. पण तिथे मुलांच्या मारामाऱ्या वाढल्या नाहीत. संशोधकांचं म्हणणं असं की बेटावर प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. मुलानं काही आगाऊपणा केला तर घरी पोचायच्या आत आईला कळलेलं असतं.

हे दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की एक गोष्ट लक्षात येते. टीव्ही घरात काय करेल हे एकट्या टीव्हीवर ठरत नाही. त्याच्याभोवती माणसं किती आहेत आणि ती एकमेकांकडे किती बघतात, यावर बरंच अवलंबून असतं.

आइसलँडचा गुरुवार

याबाबत सगळ्यात मजेशीर उदाहरण आइसलँडचं. तिथे सरकारी टीव्ही सुरू झाला १९६६ मध्ये. पण गुरुवारी टीव्ही बंद. अख्ख्या देशात. कर्मचाऱ्यांना सुट्टी हवी हे त्यामागचं साधं कारण होतं, आणि लोकांनी एक संध्याकाळ बाहेर पडावं, एकमेकांना भेटावं असंही म्हटलं जायचं. जुलै महिन्यात तर महिनाभर टीव्ही नसायचा. थंड देशातला उन्हाळा तो, टीव्हीसमोर घालवणार कोण?

जुलैची सुट्टी १९८३ पर्यंत चालली. गुरुवार मात्र १९८७ पर्यंत टिकला. मोडला कसा? १९८६ मध्ये एक खासगी वाहिनी सुरू झाली. तिला गुरुवारचं बंधन नव्हतं. सरकारी वाहिनीला मग गप्प बसणं परवडेना आणि १ ऑक्टोबर १९८७ ला गुरुवारचं प्रक्षेपण सुरू झालं. आइसलँडमधली अनेक मुलं गुरुवारीच आईच्या पोटात आली असा एक विनोद तिथे अजून सांगतात. विनोदच आहे तो.

आइसलँडमध्ये कुणाच्या घरातून टीव्ही काढला गेला नव्हता. सगळ्यांचा एकाच वेळी बंद होता, इतकंच. बघण्यासारखं काही नाही हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणाचं काही हुकत नव्हतं. "काल तू ते बघितलंस का?" हा प्रश्नच नव्हता. टीव्ही नसण्यातली सगळ्यात मोठी अडचण हीच असते आणि तिथे ती एका फटक्यात सुटली होती.

टीव्ही नसल्याचं नुकसानही होतं

टीव्ही म्हणजे इडियट बॉक्स, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास वेगळंच सांगतो. हा अभ्यास भारताचाच आहे. २००१ ते २००३ या काळात त्यांनी पाच राज्यांमधल्या घरांची माहिती वापरली. त्यात गोवाही होतं. काही गावांत याच दरम्यान पहिल्यांदा केबल आली होती. केबल आल्यावर तिथल्या बायकांच्या उत्तरांत फरक पडला. नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या कमी झाल्या. मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला. घराबाहेर जाण्याचा, खर्चाचा निर्णय स्वतः घेतो असं म्हणणाऱ्या वाढल्या.

बायका काय सांगतात ते या अभ्यासात मोजलं गेलं, घरात प्रत्यक्ष काय घडतं ते नाही. हा फरक लहान नाही. तरीही ज्या सासू-सुनांच्या मालिकांना आपण नावं ठेवतो, त्यांतल्या शहरी, नोकरी करणाऱ्या, स्वतःचं मत असणाऱ्या बायका गावातल्या घरात पहिल्यांदा दिसत होत्या. ज्या बाईला उंबऱ्याबाहेर फारसं जाऊ दिलं जात नाही, तिच्या घरात टीव्ही नसणं म्हणजे साधी राहणी नव्हे. तिच्यासाठी ती एक बंद झालेली खिडकी असते.

कोविडच्या काळातही हे दिसलं. शाळा बंद होत्या, ऑनलाइन वर्गांसाठी स्मार्टफोन आणि नेटवर्क लागत होतं. ज्यांच्याकडे ते नव्हतं अशा मुलांसाठी एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' ही मालिका २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. पहिली ते आठवीचा अभ्यासक्रम त्यात होता. त्या महिन्यांत ज्यांच्या घरी फोनही नव्हता आणि टीव्हीही नव्हता, त्यांची शाळा खरोखर बंद पडली.

लहान मुलं आणि मागे चालू असलेला टीव्ही

लहान मुलांबाबत मात्र डॉक्टरांचं म्हणणं बरंच स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक वर्षाखालच्या बाळांना स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन दाखवू नका असंच सांगितलं आहे. आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल याला अपवाद.

पण घराघरांत होतं असं की बाळ टीव्ही बघत नाही, टीव्ही नुसता चालू असतो. कुणीतरी बातम्या लावून ठेवल्यात, कुणी स्वयंपाक करता करता ऐकतंय. अमेरिकेत २००९ मध्ये झालेल्या एका अभ्यासात लहान मुलांच्या कपड्यांत छोटं रेकॉर्डर ठेवून घरातलं बोलणं मोजलं गेलं. टीव्हीचा आवाज येत असलेल्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सरासरी ७७० नं कमी झाले. मूल भाषा शिकतं ती त्याच्याशी बोलणाऱ्या माणसांकडून. टीव्ही चालू असला की ती माणसं गप्प होतात.

म्हणून तान्हं मूल असलेल्या घरात टीव्ही ठेवायचा की नाही हा वाद घालण्याआधी तो कुणी बघत नसताना बंद करायची सवय लावली, तरी बराच फरक पडतो. यात कुणाची मालिकाही बुडत नाही.

आता टीव्ही म्हणायचं कशाला?

इथे खरी गोम आहे. अमेरिकेत १९९५ पासून दरवर्षी आठवडाभर टीव्ही बंद ठेवण्याची एक मोहीम चालायची. २०१० मध्ये तिचं नावच बदलून 'स्क्रीन-फ्री वीक' करावं लागलं. नुसता टीव्ही बंद करण्याला अर्थ उरला नव्हता.

सरकारांनाही हा प्रश्न पडला आहे. ब्रिटनमध्ये टीव्ही बघायला परवाना लागतो, २०२५ च्या एप्रिलपासून त्याचे वर्षाला १७४.५० पौंड झाले. नोकरीसाठी तिकडे गेलेली मराठी मंडळी "आमच्याकडे टीव्ही सेटच नाही" म्हणून निश्चिंत असतात आणि मग पत्रं यायला लागतात. कारण तिथला नियम सेटचा नाहीच. कोणत्याही वाहिनीवरचा कार्यक्रम लागलेला असतानाच बघितला, मग तो फोनवर का असेना, तर परवाना हवा. बीबीसीचं आयप्लेअर ॲप वापरलं तरी हवा. यातलं काहीच बघत नसाल तर तसं कळवून मोकळं होता येतं. जर्मनीनं तर २०१३ पासून हा घोळच संपवला. घरात टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घरामागे सार्वजनिक प्रसारणाची ठरावीक रक्कम भरावीच लागते.

आपल्याकडेही एकेकाळी रेडिओ आणि टीव्हीचं लायसन्स असायचं, पोस्टात जाऊन पैसे भरावे लागायचे. १९८० च्या दशकात ते रद्द झालं.

आज "घरात टीव्ही नाही" असं सांगणाऱ्या अनेक घरांत माणशी एक फोन, एक लॅपटॉप आणि दोन ओटीटी असतात. मालिका चालू असतात, फक्त प्रत्येकाची वेगळी. टीव्हीबद्दलच्या तक्रारींमध्ये एक गोष्ट त्याच्या बाजूनं होती. तो सगळ्यांना एका खोलीत आणायचा. रिमोटवरून भांडण व्हायचं, पण भांडायला समोर माणूस लागायचा. टीव्ही काढून त्याच्या जागी चार कोपऱ्यांत चार फोन आले असतील, तर त्या घरानं काही मिळवलं असं म्हणता येणार नाही.

सांगलीचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं नेमकं इथेच बोट ठेवलं. सुमारे तीन हजार वस्तीचं हे गाव. कोविडमध्ये मुलांच्या हातात अभ्यासासाठी फोन आले ते परत सुटेनात. शाळा सुरू झाल्या तरी मुलं घरी आल्यावर फोन नाहीतर टीव्ही. मोठ्यांचंही फार वेगळं नव्हतं.

सरपंच विजय मोहिते यांनी विषय मांडला आणि १४ ऑगस्ट २०२२ ला महिलांची ग्रामसभा झाली. दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे स्वातंत्र्यदिनापासून, संध्याकाळी ७ वाजता गावात भोंगा वाजायला लागला. भोंगा वाजला की टीव्ही बंद, फोन बाजूला. मुलांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी वाचावं, बोलावं. ८.३० ला दुसरा भोंगा वाजला की सगळं पुन्हा सुरू. सुरुवातीला काही जण हसले. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरून लोकांना समजावत राहिले. भोंग्याची बातमी देशभर, परदेशातही गेली.

आइसलँडच्या गुरुवारासारखीच ही गोष्ट आहे, फक्त रोज दीड तासाची. यात कुणाला टीव्ही टाकून द्यायला सांगितलेलं नाही. शेजारच्या घरातही तेच चालू असल्यामुळे मुलाला "मीच का?" असं म्हणता येत नाही. शहरातल्या एखाद्या कुटुंबाला भोंगा लावता येणार नाही हे खरं. पण जेवताना सगळ्यांचे फोन एका जागी आणि टीव्ही बंद, हा नियम बाबांनाही लागू असेल तर टिकतो. फक्त मुलांसाठी केलेला नियम आठवडाभरही चालत नाही.

काढायचाच असेल तर

ज्यांनी ठरवलंच आहे त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. घरात म्हातारी माणसं असतील तर आधी त्यांना विचारा. दुपारी सगळे बाहेर गेल्यावर आजीला सोबत टीव्हीचीच असते. तिची मालिका बंद करून नातवाचा अभ्यास सुधारणं हा न्याय नाही. अशा घरात टीव्ही हॉलमधून उचलून त्यांच्या खोलीत नेला तरी पुष्कळ काम होतं. हॉलमधला सोफा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला असतो तो टीव्हीमुळेच, तो वळवला की बसण्याची रीत बदलते.

पैशांचं म्हणाल तर २०१९ च्या नियमांनी केबल आणि डिशचं मूळ शुल्क १३० रुपये ठरवलं होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. ते वाचवून ओटीटीवर घालवले तर हिशेब जुळत नाही. महिन्याचा खर्चच नको असेल आणि बातम्या, सह्याद्री एवढंच पुरत असेल तर दूरदर्शनच्या फ्री डिशला मासिक शुल्क नाही. एकदाच डिश आणि बॉक्स घ्यावा लागतो.

आणि माळ्यावर जुना, पाठीमागून फुगीर टीव्ही पडला असेल तर तो फोडून भंगारात देऊ नका. त्याच्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं. टीव्ही हा ई-कचऱ्याच्या नियमांत येतो. नवीन वस्तू घेताना दुकानदार जुना टीव्ही घेतो का ते विचारा, नाहीतर महापालिकेच्या किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रात तो आहे तसा, न फोडता नेऊन द्या.